चित्र नवं, शब्द तेच : ऋतूंची चित्रं रंगवता रंगवता मुलांना मराठी वाचायला शिकवताना

पहिलीतल्या मुलासमोर ‘छत्री लाल आहे’ हे वाक्य आणि शेजारी लाल छत्रीचं चित्र ठेवून बघा. ‘छत्री’ तो चित्राकडे बघून म्हणेल, ‘लाल’ रंगाकडे बघून म्हणेल आणि ‘आहे’पाशी येऊन तुमच्या तोंडाकडे बघेल. ‘आहे’चं चित्र काढता येत नाही. ‘आणि’चं येत नाही, ‘पण’चं नाही, ‘मग’चंही नाही. वाक्यं मात्र याच शब्दांनी शिवलेली असतात. मूल दरवेळी यांच्यापाशी अडखळलं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून गेलेलं असतं.

इंग्रजी शाळांमध्ये असे शब्द ‘साइट वर्ड्स’ म्हणून शिकवतात. एडवर्ड डॉल्च या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९३६ साली २२० शब्दांची अशी यादी प्रसिद्ध केली, ती आजही वापरात आहे. त्या यादीत नामं नाहीत. ९५ नामांची यादी त्याने वेगळी ठेवली. मराठीत रंगवायची पानं तयार करताना आपण नेमकं हेच विसरतो आणि सगळं पान ‘कमळ’, ‘बदक’, ‘नळ’ या नामांनी भरून टाकतो. ती मुलाला चित्रावरून कळतातच. खरी ओळख व्हायला हवी ती चित्र नसलेल्या छोट्या शब्दांशी.

मी पहिली-दुसरीला शिकवते. वर्षभर ऋतूप्रमाणे चित्रं काढायची आणि त्यांत हे छोटे शब्द फिरवत ठेवायचे, हा माझ्या वर्गात सर्वांत जास्त उपयोगी पडलेला उपक्रम. पावसाळा जातो, छत्री जाते, दिवाळी येते, पणती येते. ‘आहे’ मात्र दोन्ही चित्रांत असतो. ऋतूप्रमाणे चित्रं करण्याचा मोठा फायदा हाच. मुलाला दर महिन्याला काहीतरी नवं मिळतं आणि त्या नव्यात जुना शब्द पुन्हा भेटतो.

शब्द कसे निवडायचे

आधी एक सावधगिरी. इंग्रजीत लिहिलेलं आणि बोललेलं यांत इतकं अंतर असतं की बरेच शब्द जसेच्या तसे डोळ्यांत साठवावे लागतात, असं मानलं जातं. देवनागरीत बहुतेक शब्द अक्षरं ओळखून वाचता येतात. म्हणून मराठी शब्द चित्रासारखा पाठ करून घेऊ नका. मुलाने तो आधी अक्षरं जोडून वाचावा आणि इतक्या वेळा वाचावा की जोडायची गरजच उरू नये. ज्या शब्दाची अक्षरं येत नाहीत, तो अजून चित्रात नको.

वर्षभरात तीसेक शब्द पुष्कळ झाले. माझे साधारण असे असतात: मी, तू, हा, ही, हे, तो, ती, ते, आहे, नाही, आणि, पण, वर, खाली, आत, बाहेर, इथे, तिथे, माझा, माझी, माझे, आमचा, आमची, काय, कुठे, किती, आता, मग, होता, होती. तुमच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकाची पहिली दहा-पंधरा पानं उघडा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या शब्दांवर पेन्सिलने खूण करा; तुमची स्वतःची यादी तयार होईल आणि ती माझ्या यादीपेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

यांतले काही शब्द दिसतात सोपे, पण अडवतात. ‘किती’मधली वेलांटी ‘क’च्या आधी लिहिलेली असते आणि उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल तिथे ‘इकती’ म्हणतं. त्याला चूक म्हणू नका, त्याने नीट बघितलं आहे. ‘ही वेलांटी उभी आहे अलीकडे, पण बोलते पलीकडच्या अक्षरासोबत’ एवढं सांगितलं की पुरतं. ‘आणि’चंही तसंच, शिवाय त्याच्या शेवटी ऱ्हस्व इ आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार एरवी दीर्घ लिहितात. ‘आणि’ हा अपवाद. म्हणून हा शब्द नजरेत पक्का बसला तर पुढे शुद्धलेखनालाही उपयोग होतो.

‘आमचा’ आणि ‘आमची’ मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एकच ‘च’, आवाज दोन. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या ‘झ’चंही तेच. आपल्याला हे जाणवतसुद्धा नाही, पण अक्षरागणिक वाचणाऱ्या मुलाला ‘चमच्यातला च’ शिकवला असेल तर ‘आमची’ त्याच्या तोंडी विचित्र येतं. हे शब्द ऐकून, बघून आणि वारंवार वाचूनच बसतात.

आणखी एक. हा-ही-हे किंवा तो-ती-ते एकाच आठवड्यात शिकवायला घेऊ नका. त्यांच्यात फरक फक्त एका मात्रेचा. आधी ‘हा’ पक्का, पंधरा दिवसांनी ‘ही’, मग ‘हे’. तिन्ही येऊ लागले की मात्र तिघांना मुद्दाम एकाच चित्रात बसवा.

रंगांचं लिंग

इथे मराठी पालकांना हातात आयतं मिळालेलं एक साधन आहे आणि बरेचजण ते वाया घालवतात. आपले रंग नामाप्रमाणे रूप बदलतात. पिवळा पतंग, पिवळी पणती, पिवळे फूल. हिरवा पोपट, हिरवी कैरी, हिरवे पान. लाल मात्र सगळीकडे लालच. म्हणजे ‘हा पतंग पिवळा आहे, ही पणती पिवळी आहे’ अशा दोन ओळींत मूल ‘हा’ आणि ‘ही’ यांचा फरक डोळ्यांनी, कानांनी आणि रंगाने अनुभवतं. व्याकरणाचा एक शब्दही उच्चारावा लागत नाही.

बोलताना आपण ‘पिवळं फूल’, ‘हे माझं घर’ म्हणतो आणि पुस्तकात बऱ्याचदा ‘पिवळे’, ‘माझे’ छापलेलं असतं. मुलाच्या पुस्तकात जे रूप आहे, तेच चित्रात लिहा. मुलाने ‘पिवळे’ बघून ‘पिवळं’ वाचलं तर आनंद माना. त्याला अर्थ कळला आहे. एकदा ‘इथे असं लिहिलंय’ म्हणून बोट दाखवा आणि पुढे चला.

पान तयार करताना

विकतची पानं नकोत असं माझं म्हणणं नाही, पण हाताने काढलेल्या साध्या चित्रात तुम्हाला हवे ते शब्द घालता येतात. ए-फोर कागद, जाड काळा स्केचपेन आणि जवळचं झेरॉक्सचं दुकान एवढ्यात काम होतं. चित्र सुंदर यायला हवं असं अजिबात नाही. चित्राचे आठ ते बारा बंदिस्त भाग पाडा. प्रत्येक भाग इतका मोठा हवा की त्यात बोटभर रुंदीचा शब्द मावेल आणि शब्दाभोवती रंग भरायला जागा राहील. एका पानावर चार किंवा पाचच शब्द, प्रत्येक दोन-तीनदा.

शिरोरेषा अखंड ठेवा. अक्षरं सुटी सुटी लिहिली तर शब्दाचा एकसंध आकार मुलाच्या नजरेला मिळत नाही. कॉम्प्युटरवर टाइप करणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ तपासून घ्या. कित्येक फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि पुस्तकातला पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ शिकलेलं मूल गोंधळतं.

शब्द असलेल्या भागाला फिकाच रंग द्यायचा: पिवळा, आकाशी, पोपटी, गुलाबी. गडद मेणखडू फिरला की शब्द गाडला जातो, आणि रंगवून झाल्यावर पुन्हा वाचणं हा तर या उपक्रमाचा अर्धा भाग आहे. काळा, तपकिरी, जांभळा हे रंग शब्द नसलेल्या भागांसाठी राखून ठेवा. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. खडूवर रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की त्यांची अडचण निघते, आणि बाकीच्यांनाही आणखी एक शब्द वाचायला मिळतो.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नेहमीच्या पानांवर खाली किल्ली छापलेली असते: ‘आहे’ म्हणजे पिवळा, ‘वर’ म्हणजे निळा. मूल किल्लीतला आकार बघतं, चित्रात तसाच आकार शोधतं, रंग भरतं. पान अचूक होतं आणि मुलाने एकही शब्द वाचलेला नसतो. माझ्या वर्गात मी ही पानं दोन वर्षं वापरली आणि पोरांना शब्द का येत नाहीत म्हणून हैराण झाले. मग किल्लीच कागदावरून काढून टाकली. आता किल्ली माझ्या तोंडात असते. ‘“आहे” कुठे कुठे लपलाय शोध, त्याला पिवळा दे.’ मुलाने शब्द ऐकला आणि छापलेल्या शब्दांतून तो शोधला, म्हणजे वाचन झालं. काही दिवसांनी भूमिका उलटी करा. मूल एका भागावर बोट ठेवून शब्द वाचणार आणि रंग तुम्ही भरणार. बाईंना किंवा बाबांना कामाला लावायला मुलांना फार आवडतं.

दुसरी चूक इतकीच मोठी. ‘आहे’ नेहमी पिवळाच ठेवला तर मूल पिवळा रंग वाचायला शिकतं. म्हणून दर चित्रात शब्दांचे रंग बदला. जूनमध्ये ‘आहे’ पिवळा, श्रावणात पोपटी, दिवाळीत गुलाबी.

शब्द पोकळ अक्षरांत लिहून त्यात रंग भरायला देणारी पानंही मिळतात. हात स्थिर व्हायला ती बरी, वाचनाला फारशी उपयोगी नाहीत. मूल एका शब्दावर दहा मिनिटं घालवतं, पण तो वाचतं एकदाच किंवा तेवढाही नाही.

एक बैठक कशी घ्यायची

वीस मिनिटांच्या वर नको. पहिली तीन-चार मिनिटं रंग डब्यातच. कार्डावर एक शब्द दाखवा, अक्षरं वाचून घ्या, टाळी देत तोडा: आ-हे. त्यातली अडचणीची जागा मुलालाच दाखवू द्या. मग शब्द घालून एक वाक्य तोंडी करायचं, मुलाच्या घरातलं: ‘आजी देवळात आहे.’ त्यानंतर चित्र. प्रत्येक भाग रंगवण्याआधी बोट ठेवून शब्द मोठ्याने वाचायचा, हा एकच नियम, आणि तो शांतपणे पण पक्का पाळायचा. रेघेबाहेर रंग गेला, ढग हिरवा झाला, त्यावर काही बोलू नका.

रंगवून झालं की चित्राखाली तुम्ही लिहिलेली दोन वाक्यं मुलाने वाचायची. दुसऱ्या दिवशी त्याच चित्राची न रंगवलेली प्रत दोन मिनिटं समोर धरा, नुसतं वाचायला. एका आठवड्यात एक चित्र पुरेसं आहे.

जून ते मे

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. तोवर मृग लागलेला असतो. पहिलं चित्र छत्री, ढग आणि बेडकाचं. अक्षरं थोडीच येत असतात, म्हणून शब्द तीनच: मी, हा, आहे. ते यायला लागले की त्याच चित्रात ‘वर’ आणि ‘खाली’ घाला: ‘ढग वर आहे. बेडूक खाली आहे.’ खेड्यातली मुलं मृगाचा किडा हातावर घेऊन येतात, मखमली लाल. चित्रात तो काढायला विसरू नका.

श्रावणातल्या ऊन-पावसात इंद्रधनुष्य येतं. तानापिहिनिपाजा मुलांना म्हणायला येतंच. सात पट्टे, सात शब्द: पट्ट्यात शब्द, आणि प्रत्येक पट्ट्याचा रंग खरा ठरलेला. हे चित्र नवं काही शिकवायला नाही, आतापर्यंतच्या शब्दांची उजळणी म्हणून ठेवा. जांभळ्या आणि निळ्या पट्ट्यात हात हलका ठेवायला सांगा.

पोळ्याचा बैल हे माझं आवडतं चित्र. झूल, शिंगं, गोंडे, घुंगरांची माळ. भाग आपोआप पडतात. ‘माझा बैल’, ‘माझी झूल’, ‘माझे घुंगरू’. झुलीवर चौकोन आखून त्यांत ‘माझा’ आणि ‘माझी’ मिसळून लिहा आणि मुलाला फक्त ‘माझी’ शोधायला सांगा. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून नेतात. तिकडच्या घरांत मुलाचा स्वतःचा बैल समोर ठेवूनच चित्र काढता येईल.

गणपतीत मोदक, दूर्वा, जास्वंद सगळे काढतात. गोव्याकडच्या मुलांसाठी माटोळी काढा. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या चौकटीला नारळ, सुपारी, केळी, काकड्या आणि रानफळं बांधलेली असतात. प्रत्येक फळात एक शब्द बसतो आणि ‘वर काय आहे?’, ‘किती आहे?’ हे प्रश्न आपोआप येतात. ‘किती’ची ओळख मी इथेच करून देते.

दिवाळीत पणती-कंदील आहेतच, पण सर्वांत जास्त शब्द देतो तो मुलांनी अंगणात बांधलेला मातीचा किल्ला. तो बांधत असतानाच मुलं दिवसभर ‘इथे बुरूज’, ‘तिथे तोफ’, ‘वाघ आत, मावळा वर’ असं बोलत असतात. तेच कागदावर आणा. डोंगराचं चित्र काढा, गुहा, दरवाजा, बुरूज, तळं. इथे, तिथे, आत, बाहेर हे चार नवे शब्द; आहे, वर, खाली हे जुने. शब्द नेहमीपेक्षा जास्त आहेत, म्हणून एवढं एक चित्र दोन आठवडे पुरवा. चित्र झालं की छोट्या कागदांवर हेच शब्द लिहून काडेपेटीच्या काड्यांना चिकटवा आणि खऱ्या किल्ल्यावर नेऊन रोवायला सांगा. काड्यांची गुलं आधी तोडून टाका. ‘आत’ गुहेपाशी, ‘वर’ महाराजांच्या शेजारी. उगवलेल्या अळिवातून पांढरी निशाणं डोकावताना बघून मुलं तो शब्द परत परत वाचून दाखवतात.

वर्गात सगळ्याच घरांचे सण सारखे नसतात, म्हणून दर दोन चित्रांत एक तरी निव्वळ ऋतूचं असावं, आणि नाताळची चांदणी, ईदची कोरही असावी. ईद दरवर्षी ऋतूत मागे सरकते. ‘कुठे’ शिकवायला चंद्रकोर चांगली: ‘चंद्र कुठे आहे?’

हिवाळ्यात शेकोटी, बोरं, हुरडा. संक्रांतीच्या पतंगात ‘पण’ आणि ‘नाही’ येतात: ‘पतंग लाल नाही, पण शेपटी लाल आहे.’ हे वाक्य वाचून बरोबर रंगवणारं मूल खरंच वाचतंय, अशी खात्री बाळगा.

फाल्गुनात पळस पानं टाकून केशरी फुलांनी भरतो. बाहेर जाऊन झाड दाखवा, खाली पडलेली फुलं गोळा करा, पाण्यात उकळा. त्या रंगाने चित्र रंगवा. बोर्डी आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या पानं, बिया, माती अशा आसपासच्या वस्तूंवरच उभ्या होत्या. मेणखडू संपले म्हणून हा उपक्रम थांबायची गरज नाही. हळद, गेरू, बीट यांवरही वर्ष निघतं.

चैत्र-वैशाखात कैरीपासून आंबा होतो, आणि त्यासोबत भूतकाळ शिकता येतो. दोन चौकटी: ‘कैरी हिरवी होती.’ ‘आता आंबा पिवळा आहे.’ होती, आता, मग हे शब्द इथे इतके सहज येतात की वेगळी शिकवणी लागत नाही.

प्रत्येक नव्या चित्रात पाच शब्दांतले तीन जुने, दोन नवे हा हिशोब सांभाळा. नव्याच्या हौसेत जुने शब्द गळतात, हे माझ्याकडूनही बऱ्याचदा झालं आहे.

परदेशातल्या मराठी शाळांच्या पालकांना एक सांगावंसं वाटतं. तिथल्या मुलाला मृगाचा किडा माहीत नसेल, तर त्याच्या खिडकीबाहेरचा ऋतू घ्या: लाल झालेलं मेपलचं पान, बर्फाचा माणूस. ‘पान लाल आहे’ हे वाक्य तिथेही तितकंच खरं असतं. ते मूल इंग्रजी शब्द नजरेत साठवायला शिकलेलं असतं. मराठी शब्द अक्षरं जोडून वाचता येतो, हे त्याला दोन-चारदा करून दाखवावं लागतं.

शब्द आला, हे कसं कळायचं

चित्रात ओळखला म्हणजे आला असं नाही. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने लिहिलेला शब्द, चित्राशिवाय, रंगाशिवाय दाखवा. मनात तीन आकडे मोजेपर्यंत मुलाने वाचला तर कार्डामागे एक टिंब. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन टिंबं मिळाली की कार्ड मुलाच्या डबीत जातं. बिस्किटाचा रिकामा डबा चालतो. अक्षरं जोडत वाचला तर टिंब नाही, पण शाबासकी द्यायची. न आल्यास शब्द तुम्ही सांगा आणि पुढच्या आठवड्याच्या चित्रात त्याला जागा द्या. मुलांमुलांची तुलना करू नका. कुणाचा डबा दिवाळीत भरतो, कुणाचा होळीला.

एखाद्या मुलाला रंगवायला आवडतच नाही. त्याच्यापुढे कागद रेटू नका. तेच शब्द अंगणात खडूने मोठे लिहा आणि ‘“वर”वर उडी मार’ म्हणा, किंवा भागांवर तूरडाळ आणि शेंगांची टरफलं चिकटवू द्या.

मे महिन्यात सगळी पानं महिन्यांच्या क्रमाने लावा, कडेला भोकं पाडून जाड दोरा ओवा आणि पहिल्या पानावर मुलाला स्वतःचं नाव घालू द्या. सुट्टीत मामाकडे जाताना ही वही पिशवीत असू द्या. घरातल्या एखाद्या धाकट्या भावंडाला समोर बसवून आपलं मूल बेडकाच्या चित्रावर बोट ठेवेल आणि ‘ढग वर आहे, बेडूक खाली आहे’ असं वाचून दाखवेल. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातूनच ऐका, मध्ये दुरुस्त करायला जाऊ नका.